दादाची फोनवरची अटक

माझा थोरला भाऊ वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतो. आधी कांद्याचा भाव, मग जिल्ह्याच्या पानावरच्या लाचेच्या बातम्या, आणि चहा संपेपर्यंत वेळ उरलाच तर देशाचं राजकारण. श्रीगोंद्याच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथं पेपर सकाळच्या एसटीनं येतो. दादा ओट्यावर बसून तो मांडीवर पसरतो आणि अमुक खात्यातला तमुक इसम जाळ्यात सापडल्याची बातमी सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचतो. ती तो बाजारभावासारखीच वाचतो. काम काय होतं, मागितले किती, तडजोड कितीवर झाली. लाच घेणाऱ्याचा त्याला कधी राग आलेला मी पाहिला नाही. फार तर तो त्या माणसाच्या अकलेवर चिडतो. स्वतःच्या हातानं कुणी घेतं का, बाहेर टपरीवाला कशासाठी बसवलेला असतो, असं त्याचं म्हणणं.

मी नगरला राहते. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर आलंय, पण कंडक्टरही अजून "चला नगर, नगर" असंच ओरडतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, शेवटी मुख्याध्यापिका. नोकरीभर मुलांना खरं बोला, कुणाचं फुकट घेऊ नका म्हणून शिकवलं, आणि ते आपल्यालाही लागू आहे अशी माझी समजूत आहे. त्यामुळे दर भेटीत दादाचं आणि माझं वाजतं. तो मला मास्तरीणबाई म्हणतो. त्यात आदर नसतो.

दादा शेतकरी आहे, पण गावात त्याची खरी ख्याती वेगळीच आहे. कुणाचं सरकारी काम अडलं की लोक त्याला बरोबर घेऊन जातात. कचेरीत कुठल्या वेळी जायचं, आधी कुणाला नमस्कार करायचा, विषय कुठून काढायचा आणि कुठल्या वाक्यावर खिशाकडे हात न्यायचा, हे त्याला बरोबर कळतं. साहेबानं मागितलेला आकडा तो कधीच देत नाही. घासाघीस करतो. अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर, हा त्याचा नियम आहे आणि तो साहेबांनाही मान्य असतो. या सगळ्यात तो स्वतः कुणाकडून काही घेत नाही, परतीच्या वाटेवर चहा आणि भजी तेवढी. मी याला लाच म्हणते. तो म्हणतो, "लाच पेपरात असती. हितं देनंघेनं असतंय."

माझ्या पेन्शनच्या वेळची गोष्ट सांगते, म्हणजे आमच्या दोघांचं गणित लक्षात येईल. निवृत्तीनंतर माझे कागद एका कार्यालयात अडकले. काय हवंय ते तिथल्या माणसानं तोंडानं सांगितलं नाही, पण दर वेळी नवी त्रुटी निघायची. एकदा सहीची शाई चुकली, एकदा फोटोत मी ओळखू येत नव्हते. मी एक पैसाही देणार नाही असं सगळ्यांना जाहीर सांगितलं होतं. बरेच महिने असे गेले आणि एके दिवशी अचानक पेन्शन सुरू झाली. तत्त्वाचा विजय झाला म्हणून मी गल्लीत पेढे वाटले. एक दिवाळी गेल्यावर वहिनींच्या तोंडून निघून गेलं की दादा त्याच आठवड्यात नगरला येऊन त्या माणसाला भेटून गेला होता. मी दादाशी भांडले, कितीतरी दिवस बोलले नाही. तो म्हणाला, पेढे मात्र चांगले होते.

आता वहिनींबद्दल. वहिनी म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात कमी बोलणारं माणूस. आयुष्यभर शेतात वाकून काम केलं आणि दोन्ही गुडघ्यांनी त्याची वसुली केली. गेली काही वर्षं त्या स्वयंपाक स्टुलावर बसून करायच्या. देवळाला पायऱ्या म्हणून देवाला रस्त्यावरूनच हात जोडायच्या. लग्नाला गेल्या तर मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसायच्या आणि बायका त्यांना भेटायला तिथं यायच्या. डॉक्टरांनी गुडघ्यांच्या वाट्या बदलायला सांगितल्या होत्या. दर वर्षी पुढच्या वर्षी करू म्हणून ते राहून जायचं, आणि वहिनी कधी आठवण करून द्यायच्या नाहीत, याचा मला फार राग यायचा.

मग आमच्या मळ्याचा एक पट्टा रस्त्याच्या रुंदीकरणात गेला. त्याचा मोबदला मिळवायलाही दादाला आपली सगळी कला पणाला लावावी लागली. आपलीच जमीन, आपलेच पैसे, आणि ते मिळवायला वर पैसे द्यायचे, यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. पण रक्कम खात्यावर जमा झाली त्या दिवशी दादा म्हणाला, "ह्यातनं आधी हिचं गुडघं. मग बाकीचं." हे वाक्य ऐकून मी भांडण तिथंच सोडून दिलं. दादावर माझा जीव आहे तो अशा वाक्यांमुळे.

नगरच्या एका दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. वहिनींना आदल्या आठवड्यात तपासण्यांसाठी घेऊन यायचं होतं म्हणून मी गावी गेले. दुपारची वेळ होती. ओट्यावर दादा नव्हता, आणि पेपर घडीसुद्धा न मोडता पडला होता. तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय असं वाटलं. दादा आजारी असतानासुद्धा कांद्याचा भाव बघितल्याशिवाय राहत नाही.

वहिनी स्टुलावर बसून शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "आत हायेत. सकाळधरनं दार लावून बसल्यात. सरकारी काम हाय म्हनत्यात, कुनी आत यायचं न्हाई."

मी बाजूच्या खिडकीतून आत पाहिलं. दादा खाटेवर ताठ बसला होता. अंगात लग्नकार्याचा पांढरा सदरा, डोक्यावर इस्त्रीची टोपी. समोर पत्र्याच्या पेटीवर तांब्या आणि तांब्याला टेकवून फोन उभा केलेला. फोनमध्ये पोलिसाच्या वर्दीतला एक माणूस हिंदीत खेकसत होता. त्याच्यामागं झेंडा होता, फायली होत्या, सगळं कसं टापटीप होतं. खरं सांगते, इतकी नीटनेटकी कचेरी मी आयुष्यात पाहिली नाही, आणि मला शंका यायला तेवढंच पुरलं.

शंका कसली, खात्रीच. डिजिटल अरेस्टच्या बातम्यांनी पेपर भरलेले असतात. कुणाला फोन लावावा तर आधी सावध राहा म्हणून सांगणारी टेप वाजायची. दादा तर ती टेप लागली की "झालं का बाई तुझं" म्हणून फोन कानापासून लांब धरायचा. त्यातलं एक अक्षरही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं, हे आता दिसतच होतं.

मी खिडकीच्या गजावर बांगडी वाजवली. दादानं फोनवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "वरडू नको. मला अटक झालीय."

घरात, स्वतःच्या खाटेवर, टोपी घालून बसलेल्या माणसाला अटक कुणी केली, असं मी विचारलं. त्यानं कुजबुजत सगळं सांगितलं. मुंबईचा मोठा पोलीस अधिकारी फोनवर आहे. दादाच्या आधार कार्डावर कुणीतरी एक पार्सल पाठवलंय आणि त्यात अमली पदार्थ सापडलेत. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. पार्सल म्हणताच दादाचा विश्वास बसला, कारण आदल्याच महिन्यात त्यानं पुण्याला लेकीकडे कुरडयांचा डबा एका खाजगी बसवाल्याच्या हाती धाडला होता. कुणीतरी वाटेत कुरडयांत काहीतरी घातलं, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. फोनवरच्या माणसाला ते सुचवायचीही गरज पडली नाही.

मी म्हटलं, दादा, हा चोर आहे. फोन बंद कर. असल्या बातम्या रोज येतात, तुझ्या त्या आवडत्या पानावरच येतात.

"म्या बी वाचल्यात," तो म्हणाला. "पन ह्यो त्यातला न्हाई. ह्यो खरा हाय. पैशे मागतोय."

मला कळेना. मंद विद्यार्थ्याला समजवावं तसं दादानं मला समजावलं. सकाळी तो साहेब नुसता कायदा सांगत होता. हे कलम, ते कलम, इतकी वर्षं तुरुंगवास. तेव्हा दादालाही जरा शंका आली होती, की इतका कायद्यानं चालणारा माणूस खरा असेल का. पण जेवणाच्या वेळेला साहेबानं पैशाचा विषय काढला आणि दादाच्या मनातली शंका गेली. पैसे मागितले म्हणजे माणूस नक्की खात्यातला.

मी नोकरीभर मुलांच्या चुका तपासल्या, पण एवढी पक्की, सगळीकडून बांधलेली चूक मी पाहिली नव्हती. ती खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. दादाच्या आयुष्यात ज्यांनी ज्यांनी पैसे मागितले ते सगळे खरोखरच अधिकारी होते. त्यांच्याकडे खुर्ची होती, शिक्का होता, पंखा होता. आता नव्यानं आलेल्या एका चोराला आमच्या जुन्या ओळखीच्या मंडळींनी न मागता शिफारस दिली होती.

आणि पैशाचं बोलणं निघाल्यापासून दादाची भीती बरीच कमी झाली होती. कायदा हा त्याचा प्रांत नव्हे, घासाघीस हा त्याचा प्रांत. त्यानं मला गप्प राहायची खूण केली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून आपल्या हिंदीत सुरू झाला. "साहब, हम शेतकरी आदमी. थोडा हिकडं-तिकडं करो ना." साहेब म्हणाला, हे व्हेरिफिकेशनचे पैसे आहेत, त्यात कमी-जास्त होत नाही. दादानं मला खिडकीतून डोळा मारला आणि मराठीत म्हणाला, "त्येंच्यात व्हेरिफिकेशन म्हनत्यात."

मग त्यानं आपला नियम सांगितला. अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर. साहेब भडकला. दादा शांत. साहेबानं आपल्या वरिष्ठाला फोन दिला. दादानं वरिष्ठाला रामराम घातला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पाऊस नाही, कांद्याला भाव नाही, घरात बाई आजारी. तुमचा नगरमधला माणूस कोण ते सांगा, आम्ही त्याच्या हातात देतो, म्हणाला. तिकडून उत्तर आलं की माणूस नाही, खात्यावर टाका. दादाला ते थोडं खटकलं. पण मग त्यानं स्वतःचीच समजूत घातली, की हल्ली भाजीवालीकडेसुद्धा मोबाईलवर पैसे देतात, साहेबांनी तरी का मागे राहावं.

मी खिडकीत उभी राहून हे सगळं ऐकत होते आणि रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती, पण मधूनमधून हसूही येत होतं. तो वरिष्ठ तर रडकुंडीला आला होता. माणसं घाबरवायचं शिक्षण त्याला मिळालं असेल, दादासारखं गिऱ्हाईक त्याच्या अभ्यासक्रमात नसावं.

पण शेवटी सौदा ठरला, आणि माझं हसू बंद झालं. दादानं पुष्कळ खाली आणलं होतं, तरी जे ठरलं ते जवळजवळ गुडघ्यांच्या रकमेएवढंच होतं. दादानं पेटी उघडली, पासबुक आणि चेकबुक काढलं, फोन चालूच ठेवून सदऱ्याच्या खिशात घातला आणि दार उघडून बाहेर आला. बँक बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.

मी दारात हात पसरून उभी राहिले. म्हटलं, मला ओलांडून जा. दादानं मला हळूच धरून बाजूला केलं, लहानपणी करायचा तसं. घासाघिशीत त्याची भीती गेली नव्हती, फक्त झाकली गेली होती.

"उद्या गाडी आली आन् हिच्यासमूर मला बेड्या घातल्या तर?" तो म्हणाला. "गावानं बघितलं तर?"

मी म्हटलं, अरे पण ते गुडघ्यांचे पैसे आहेत. तो माझ्याकडे न बघता म्हणाला की ते त्याला माहीत आहे, गुडघे पुढच्या वर्षी करू.

हे वहिनींनी ऐकलं. शेंगांचं सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. त्यांना उठायला वेळ लागतो. आधी भिंतीला हात, मग एक पाय, मग थोडं थांबणं, मग दुसरा. तेवढा वेळ आम्ही दोघं भांडण थांबवून उभे होतो. मला फार भीती वाटत होती. बँकेतला कारकून सही बघून पैसे वळते करणार, आणि या बाईचं चालणं आणखी एक वर्ष, कदाचित कायमचंच, पुढे जाणार. आणि त्या नेहमीप्रमाणे काही म्हणणार नाहीत, असंच मला वाटलं होतं.

वहिनी दादासमोर आल्या आणि त्याच्या खिशातून त्यांनी फोन काढून घेतला. तो माणूस चोर आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं. दादा साहेब म्हणतोय म्हणजे साहेबच. त्यांनी पदर सारखा केला, फोन तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, "साहेब, तुमी घ्या, आमी नको म्हनत न्हाई. पन हे माज्या गुडघ्याचं पैशे हायेत. परत कवा द्याल तेवढं सांगा."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वन्सं, त्येला हिंदीत सांगा."

मी निवृत्त मुख्याध्यापिका, आणि मी एका चोराला दुभाषी म्हणून वाक्य भाषांतर करून दिलं. इलाज नव्हता. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागत होत्या.

मग त्या वरिष्ठाचा आवाज एकदम मऊ झाला. सकाळपासून दादानं त्याला इतकं पिळलं होतं, की आता काम होतंय असं त्याला वाटलं असावं. "माताजी, चिंता मत करो," तो म्हणाला. "जाँच होते ही पूरा पैसा वापस. सरकारी रसीद भी मिलेगी."

वहिनींना तेवढी हिंदी कळली. त्यांचा चेहरा उजळला. दादाला म्हणाल्या, देतायत म्हणं परत, पावतीसुद्धा देतायत, मग जा बँकेत.

पण दादाचा चेहरा पडला होता. त्यानं वहिनींच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, सगळे वापस? सगळे, असं उत्तर आलं. रसीद? पक्की रसीद. दादा ओट्यावर बसला. पासबुक मांडीवर ठेवून त्यानं टोपी काढली आणि डोकं खाजवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तरीणबाई, ह्यो चोर हाय."

मी विचारलं, आता कसं कळलं?

"घेतल्यालं परत देतो म्हननारा साहेब म्या उभ्या जन्मात बघितला न्हाई," दादा म्हणाला. "पावती तर लांबच ऱ्हायली."

त्यानंतर त्यानं फोन तोंडाजवळ नेला आणि त्या दोघांना मराठीत जे सुनावलं ते मी इथं लिहू शकत नाही. काही शब्द मीही प्रथमच ऐकले. हिंदीत भाषांतर करून देऊ का, असं मी विचारणार होते, पण तिकडून फोन बंद झाला होता. चोरानं घाबरून फोन ठेवला, याचा दादाला अजून अभिमान आहे.

मी हसत सुटले. ओट्यावर बसून इतकं हसले की समोरच्या घरातली बाई बाहेर आली. आणि हसता हसता माझे डोळे भरून आले, कारण माझ्या बातम्या, माझं शिक्षण, सरकारची ती टेप, यातलं काहीच कामी आलं नव्हतं. दादाला वाचवलं होतं त्या लोकांनी, ज्यांनी आयुष्यभर त्याच्याकडून घेतलं आणि कधी परत केलं नाही. त्यांचे आभार मानावेत की काय करावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी शेंगांचं सूप परत जवळ ओढलं. मग त्यांनी दादाला विचारलं, "म्हंजी आजपतुर तुमी ज्येंला ज्येंला दिलं, त्येंनी कुनीच परत केलं न्हाई?"

दादा म्हणाला की ते परत करायचं नसतं.

"मग ह्यो चोर, तर त्ये कोन?"

दादा म्हशीला पाणी दाखवायला गेला.

मी पोलिसांत तक्रार नोंदवायला लावली. ठाण्यातल्या जमादारानं सगळं लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता दोनदा पेन खाली ठेवून हसला. त्याच्याकडे आलेल्या लोकांपैकी कुणीच अटकेत असताना भाव केला नव्हता म्हणे. गावात ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली आणि दादानं ती पसरू दिली, कारण सांगण्यात तो हिरो होता. त्याच्या सांगण्यात हळूहळू असं झालं की त्याला पहिल्यापासूनच सगळं माहीत होतं आणि तो त्या चोरांचा वेळ खात होता. ओट्यावर पेपर वाचायला आता जास्त माणसं जमतात. दादा फसवणुकीच्या बातम्याही वाचतो, त्याच बाजारभावाच्या सुरात, आणि शेवटी सगळ्यांना सांगतो, की जो परत देतो म्हणेल त्याच्यापासून सांभाळून राहा. मी त्याला कितीदा सांगितलं की हा धडा अर्धवट आहे. तो म्हणतो, ज्याला लागू पडला त्याला पडला.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. आधी एक गुडघा, मग दुसरा. वहिनी माझ्याकडेच राहिल्या. रोज एक मुलगी येऊन व्यायाम करून घ्यायची आणि वहिनी तोंडातून आवाज न काढता करायच्या, डोळ्यांतून मात्र पाणी यायचं. दवाखान्यातल्या प्रत्येक पैशाची पावती त्यांनी मागून घेतली. वॉर्डातल्या एकानं खुशाली मागितली तर त्याच्याकडेसुद्धा पावती मागितली. तो पुन्हा खुशाली मागायला आला नाही.

गावी परत जायच्या दिवशी त्यांनी दादाला सांगितलं की आता मळ्याच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव लावायचं. पुन्हा कुणाचा फोन आला तर त्यांना विचारल्याशिवाय दादाला काही करता येऊ नये, एवढंच कारण त्यांनी दिलं. दादा लगेच हो म्हणाला. त्याच्यात खोड ती एकच आहे, बाकी मन मोठं आहे.

तालुक्याच्या कचेरीत जायच्या दिवशी मीही मुद्दाम गेले. दादानं सवयीप्रमाणे खिसा भरून घेतला होता. एसटीत चढायच्या आधी वहिनींनी हात पुढे केला, पाकीट मागून घेतलं आणि आपल्या पिशवीत, डब्याच्या खाली, ठेवून दिलं. दादा दिवसभर खिसा चाचपत होता.

कचेरी वरच्या मजल्यावर. पहिल्या खेपेला एक कागद कमी निघाला. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला गेलेले. मग सही राहिली, मग सही होती तर नोंद राहिली. दादा खाली टपरीजवळ चुळबुळत उभा असायचा आणि मला म्हणायचा की पैसे दिले असते तर एवढ्यात तीनदा काम झालं असतं. वहिनी मात्र दर खेपेला जिना चढून वर जायच्या, टेबलासमोर उभ्या राहायच्या आणि आपलं काम विचारायच्या. भांडण नाही, विनवणी नाही. वरचा कारकून काही वाईट माणूस नव्हता. आजी, कशाला सारख्या चढून येता, त्रास होतो, असं तो एकदा मनापासून म्हणाला, खुर्चीही दिली. वहिनी म्हणाल्या, डॉक्टरांनी जिना चढायलाच सांगितलंय, घरी आम्हाला जिना नाही, तुम्ही बोलावलं तर उद्याही येते. खुर्चीवर त्या बसल्या नाहीत. पुढच्या खेपेला उतारा टेबलावर तयार होता आणि त्यावर दादाच्या नावाखाली वहिनींचं नाव होतं.

वहिनींनी तो दादाच्या हातात दिला. दादानं चष्मा लावला, नाव वाचलं, कागद उलटा करून मागची बाजू बघितली, उजेडात धरला. आनंद झाला होता त्याला, तो लपत नव्हता. पण काळजीही खरी होती.

"पैशे न देता लागल्यालं नाव," तो म्हणाला. "टिकंल का गं हे?"

"न्हाई टिकलं तर परत येऊ," वहिनी म्हणाल्या. "जिना काय, चढते की मी आता."